विषय: डेटा सेंटरची सुनावणी, कोण कोण येणार?

नमस्कार मंडळी,

आमच्या वसाहतीमागच्या मोकळ्या जागेवर डेटा सेंटरचा, म्हणजे हजारो संगणकांच्या इमारतीचा, अर्ज आलाय, नोटिशीची पाटी लागली आहे. मार्च २०२५ पर्यंत आपल्या लाउडन काउंटीत (व्हर्जिनिया) बऱ्याच जागांवर अशा इमारती जाहीर सुनावणीशिवाय उभ्या राहत. आता काउंटीच्या निवडून आलेल्या सुपरवायझर्सच्या बोर्डापुढे यावंच लागतं, तेव्हा आपण बोललं पाहिजे. पलीकडच्या सेंटरात संगणक थंड ठेवणाऱ्या पंख्यांची घरघर रात्रभर चालते. लेकीच्या खोलीची खिडकी गेल्या उन्हाळ्यापासून उघडलेली नाही.

----

ताई,

त्रास खराच आहे, पण सरसकट विरोध नको. काउंटीच्या तिजोरीत या सेंटरांचा वाटा मोठा आहे. घरपट्टी किती खाली आली बघ: २०२५ मध्ये घराच्या किमतीच्या दर १०० डॉलरमागे ८०.५ सेंट. मुलांच्या शाळा याच पैशावर चालतात.

----

काका, कर मिळतो हे मान्यच. पण रोजगाराचं काय? व्हर्जिनिया विधिमंडळाच्या जेएलएआरसी या आयोगाचा डिसेंबर २०२४ चा अहवाल मी वाचला. अडीच लाख चौरस फुटांच्या सेंटरात बांधकामाच्या ऐन भरात १,५०० पर्यंत माणसं असतात. ते सुरू झालं की उरतात साधारण ५०, आणि त्यातली निम्मी कंत्राटी. शिवाय विजेच्या तारांचा खर्च कोण भरणार?

----

ताई, काका,

मी वीज क्षेत्रात काम करतो म्हणून लिहितो. समजा कंपनीने १०० मेगावॅट मागितले. त्या हिशेबाने उपकेंद्र उभं राहिलं, तारा ओढल्या. मग तिने ४०च वापरले किंवा गाशा गुंडाळला, तर उरलेला खर्च आपल्या सगळ्यांच्या बिलात वाटला जातो. कर काउंटीला मिळतो, बिल मात्र काउंटीबाहेरच्यांनाही येतं. म्हणून मला इथे नियम कडकच हवेत.

जुलै २०२५ मध्ये ओहायोच्या वीज आयोगाने एईपी ओहायो या वीज कंपनीच्या २५ मेगावॅटच्या वरच्या नव्या डेटा सेंटरांना बांधून घेतलं: वापर कमी झाला तरी मागितलेल्या क्षमतेच्या किमान ८५ टक्क्यांचे पैसे, १२ वर्षांपर्यंत. आपल्या व्हर्जिनियाच्या वीज आयोगानेही नोव्हेंबर २०२५ मध्ये डॉमिनियन या वीज कंपनीच्या मोठ्या ग्राहकांसाठी वेगळा दरवर्ग मंजूर केला, तो २०२७ पासून लागू होईल.

पण आवाज आणि डिझेल जनरेटर हे बोर्डाच्या अटींत आणावे लागतात. ताई, नुसतं 'आवाज होतो' म्हणू नका. पंख्यांची घरघर खालच्या पट्टीतली असते आणि आवाज मोजायच्या नेहमीच्या डीबीए पद्धतीत ती कमी भरते. म्हणून खालची पट्टी नीट धरणाऱ्या डीबीसी मोजणीची मर्यादा मागा. आवाजाचा अभ्यास मंजुरीआधी मागा, जनरेटरच्या चाचणीचे तास लेखी मागा. एकदा मंजुरी दिली गेली की नंतर विनवण्याच करत बसावं लागतं.

----

दादा, खूप आभार. काका, तुम्हीही बोला, शाळांचा मुद्दा तुमच्या तोंडून आला तर बोर्ड जास्त ऐकेल. बोलणाऱ्यांच्या यादीत नाव आधी द्यावं लागतं, ज्यांना जमेल त्यांनी आजच कळवा. माझ्या गाडीत तीन जागा आहेत.