अंकाचा पीसी: काय बदलायचं, काय राहू द्यायचं?

नमस्कार मंडळी,

दिवाळी अंकाची पानं ज्या पीसीवर लागतात, तो आता अगदीच टेकीला आलाय. २०१३च्या बॉक्सिंग डे सेलमध्ये घेतलेला: आय५-४५७० प्रोसेसर, ८ जीबी रॅम, १ टीबी हार्ड डिस्क, विंडोज १०. सकाळी बटण दाबतो, वर जाऊन आल्याचा चहा करून खाली येतो, तरी याचं गोल गोल चालूच. त्यात परवा ब्राउझर म्हणे कुठलीच साइट सुरक्षित नाही. बघतो तर घड्याळात २०१३ सालचा जानेवारी!

दुकानातला मुलगा म्हणाला, प्रोसेसर, रॅम, ग्राफिक्स कार्ड सगळं बदला. लेक म्हणते, टाकून द्या. पण जुने सगळे अंक पेजमेकर (पानं लावायचं सॉफ्टवेअर) आणि श्रीलिपीत (मराठी टायपिंगचं सॉफ्टवेअर) आहेत. श्रीलिपीचं डाँगल, म्हणजे पीसीला लावायची परवान्याची किल्ली, नसेल तर एक अक्षर उमटत नाही. काय करू?

— अंकवाले काका, मिसिसागा, कॅनडा

---

काका, विंडोजऐवजी लिनक्स मिंट टाका! फुकट आहे आणि जुन्या मशीनवर पळतं.

— ब्रॅम्प्टनहून

---

> लिनक्स मिंट टाका

अरे बाबा, श्रीलिपी विंडोजवरची. काकांचा अंक लिनक्सवर कसा लागणार?

काका, खरेदीला जाण्याआधी एक करा. कंट्रोल-शिफ्ट-एस्केप दाबा, टास्क मॅनेजर उघडेल. पीसी रखडत असताना सीपीयू, मेमरी आणि डिस्कचे आकडे कळवा.

— ओकव्हिलचा दादा

---

सीपीयू ९ टक्के, मेमरी ५२, डिस्क १००. डिस्क तांबडी झाली आहे आणि डब्यातून कुरकुर ऐकू येते.

— काका

---

मग झालं निदान. प्रोसेसर बिचारा रिकामा बसलाय, डिस्क त्याला वाट बघायला लावतेय. फिरत्या डिस्कला प्रत्येक बारीकसारीक फाइलसाठी मुंडी हलवून शोधायला दहाएक मिलिसेकंद लागतात आणि विंडोज सुरू होताना अशा हजारो फाइली मागते. एसएसडी म्हणजे चिपवरची डिस्क, तीत फिरणारं काहीच नसतं.

२.५ इंची साटा (वायरने जोडायची) एसएसडी घ्या, ५०० जीबी. ते च्युइंगगमच्या पट्टीसारखं दिसणारं एनव्हीएमई घेऊ नका. तुमच्या मदरबोर्डच्या जमान्यात त्यावरून बूट होण्याची सोय सहसा नसायची.

रॅम अर्धी रिकामी आहे, तिला हात लावू नका. ग्राफिक्स कार्ड कशाला? अंकात काय गेम खेळायचेत? त्याच सॉकेटमध्ये (खाचेत) बसणारा जुना आय७ प्रोसेसर मिळेल, पण त्याने पेजमेकरला काडीचा फरक पडणार नाही, आणि विंडोज ११ तोही अधिकृतपणे चालवत नाही. इंटेलची आठवी पिढी लागते, तुमची चौथी.

घड्याळाचं दुखणं सगळ्यात स्वस्त. मदरबोर्डवर नाण्याएवढा सेल असतो, सीआर२०३२. डॉलरस्टोअरमधून आणा. तारीख चुकली की साइटचं सर्टिफिकेट जुळत नाही, म्हणून ती सुरक्षित नसल्याची ओरड.

विंडोज नव्याने टाकू नका, जुनी डिस्क एसएसडीवर जशीच्या तशी उतरवा, म्हणजे क्लोन करा. म्हणजे पेजमेकर, फॉन्ट, श्रीलिपी सगळं जागच्या जागी राहील. एक मात्र कटाक्षाने: विंडोज १०चा नेहमीचा सपोर्ट (सुरक्षेचे अपडेट) १४ ऑक्टोबर २०२५ला संपला. तेव्हा या पीसीची इंटरनेटची वायर काढून ठेवा. मेल लॅपटॉपवर, फाइली पेनड्राइव्हने.

— दादा

---

एसएसडी आणि सेल मिळून दीडशे डॉलरच्या आत बसत असेल तर पावती पाठवा, मीटिंग बोलवत नाही. ग्राफिक्स कार्डाची पावती आली तर बोलवीन.

— खजिनदार मावशी

---

मंडळी, काम फत्ते. मध्ये दोन तास घोळ झाला तो सांगतो.

डिस्कवर फोटोच ६०० जीबी निघाले. ते आधी बाहेरच्या डिस्कवर हलवले, तेव्हा कुठे क्लोन ५०० मध्ये मावेल असं झालं. मग एसएसडी लावली तर पीसीला दिसेचना. फोनवर दादा म्हणाला, "काका, डेटाची वायर लावलीत, पॉवरची कुठाय?" पॉवरचं एकच जादा टोक होतं आणि ते सीडी ड्राइव्हला. सीडी ड्राइव्ह काढला. क्लोन झाल्यावर दादाने बजावल्याप्रमाणे पहिल्यांदा सुरू करताना जुनी डिस्क सोडवून ठेवली. आता बटण दाबल्यापासून २५ सेकंदांत श्रीलिपी टाइप करायला तयार. चहा आधीच करून खाली यावं लागतं.

आत धुळीचा इतका गठ्ठा होता की उशी भरली असती.

काढलेला सीडी ड्राइव्ह हलवला तर आत काहीतरी खडखडलं. पुढच्या बारीक भोकात पेपरक्लिप सरळ करून घातली, ट्रे बाहेर आला. त्यात २०१५च्या आपल्या गणपतीतल्या आरतीची सीडी! जिच्यावरून त्या वर्षी अर्ध्या समितीने माझ्याशी अबोला धरला होता, तीच. आता ती वाजवायला कुणाकडे सीडी ड्राइव्ह आहे का?

— काका