मदत हवी आहे: सोडलेला सॅमन जगावा म्हणून काय करता?

कॅनडातल्या व्हँकुव्हर बेटाजवळ समुद्रात हौस म्हणून सॅमन धरायला लागलोय. परवाना आहे, परवान्यावर सॅमनचा वेगळा स्टॅम्पही घेतलाय, गळ बिनकाट्याचे, म्हणजे टोकाशी उलटा काटा नसलेले (इथे तसा नियमच आहे). अडचण येते ती मासा सोडताना.

परवा कोहो लागला (कोहो आणि चिनूक या सॅमनच्याच दोन जाती). हिरड्या पांढुरक्या, ठिपके शेपटीच्या फक्त वरच्या भागावर, म्हणजे चिनूक नाही एवढं कळलं. पण पाठीवरचा, शेपटीजवळचा छोटा पर शाबूत होता. हॅचरीतल्या (मत्स्यबीज केंद्रात वाढवलेल्या) माशांचा तो ओळखीसाठी बहुधा कापलेला असतो, म्हणजे हा जंगली समजायचा. तो ठेवायची परवानगी नव्हती. हे सगळं बघेपर्यंत मी त्याला जाळीत घेऊन होडीत आणलंही होतं. हाताला चंदेरी खवले चिकटले, ते बघून पोटात कालवलं. गेला पोहत, पण जगला असेल का?

तर जाणकारांनो, मासा पाण्यातच ठेवून पर कसा बघता? गळ काढायला आकडा बरा की पक्कड? बिनगाठीच्या रबरी जाळीने खरंच फरक पडतो का? आणि गळ कल्ल्यात खोल रुतला तर दोरा कापूनच सोडता का?

घरचे म्हणतात, एवढं वाईट वाटतं तर जातोस कशाला. त्याचं उत्तर इथे नकोय!