गायरानावर सौर प्रकल्प येतोय, ग्रामसभेचं कितपत चालतं? (मदत हवी आहे)

नमस्कार मंडळी. सौर कृषी वाहिनी योजनेतून आमच्या गायरानावर प्रकल्प येतोय. शेतीला दिवसा वीज मिळणार, त्याला कुणाची ना नाही. रात्री थंडीत पिकाला पाणी द्यायला, दारं धरायला जाणाऱ्याला विचारा! पण खुणेचे दगड रोवलेत ते नेमके पाझर तलावाच्या वरच्या अंगाला, जिथं पवना गवत गुडघ्याएवढं होतं आणि धनगरवाड्याची मेंढरं पावसाळाभर चरतात. पलीकडचा मुरमाड माळ तसाच मोकळा. (का, ते देव जाणे.)

जमीन महसूल अधिनियमाच्या कलम २२अ नुसार दुसरी योग्य सरकारी जमीन नसेल तरच गायरान सार्वजनिक कामाला देता येतं, असं वाचलं. गावाच्या सामायिक जमिनींबद्दलचा सर्वोच्च न्यायालयाचा २०११ चा जगपाल सिंग निकालही बघितला, पण त्याचा रोख अतिक्रमणांवर आहे. इथं तर सरकारच जमीन देतंय.

ग्रामसभेत जागा बदलून मागायचा ठराव केला तर तो जिल्हाधिकाऱ्यांवर बंधनकारक असतो का? की हरकत वेगळी नोंदवायची? आणि पॅनेलच्या खाली मेंढरं चारायची मुभा करारात कुणाच्या गावानं घालून घेतलीय का? असल्यास त्या अटीचा मसुदा हवाय. आमच्यात त्यावरूनच दोन तट पडलेत.