डावणी बुरशी नाहीये
द्राक्षावरच्या रोगांबद्दल कोणीतरी म्हटलंय की डावणी काय अन् भुरी काय, शेवटी दोन्ही बुरशीच. भुरीचं बरोबर आहे, पण डावणी त्या घराण्यातलीच नाही! ती ऊमायसीट, म्हणजे बुरशीसारखा दिसणारा पण वेगळ्याच कुळातला सूक्ष्मजीव, तिचं नातं समुद्रातल्या तपकिरी शेवाळाशी आणि डायटम नावाच्या एकपेशीय शेवाळाशी, आणि खरी बुरशी उलट आपल्या प्राण्यांच्या जास्त जवळची. धाग्यासारखं वाढणं दोघींनी वेगवेगळं कमावलंय. बुरशीच्या पेशीभित्तिकेत कायटिन (कीटकांच्या कवचात असतं तेच), डावणीच्या मुख्यतः ग्लुकन (साखरेच्या साखळ्या) आणि सेल्युलोज. शिवाय डावणीचे बीजाणू ओल्या पानावर चक्क दोन शेपट्यांनी पोहतात, म्हणून तर ढगाळ पावसाळी हवेत ती एवढी उसळते.

आमच्या पंढरपूरकडच्या द्राक्षवाल्यांना हा फरक औषधाच्या बिलावरून कळतो. हेक्झाकोनॅझोलसारखी औषधं बुरशीतलं अर्गोस्टेरॉल (तिच्या पेशीच्या पडद्याला लागणारा घटक) तयार होणं थांबवतात, आता डावणी ते बनवतच नाही म्हटल्यावर कितीही मारा, पैसे पाण्यात. तिथं मेटॅलॅक्झिल वगैरे लागतं, आणि ते भुरीवर चालत नाही. बोर्डोची, म्हणजे मोरचूद-चुन्याच्या मिश्रणाची, गोष्ट वेगळी, १८८५ च्या सुमारास फ्रान्समध्ये ते डावणीसाठीच पुढं आलं, पण त्यातलं तांबं बऱ्याच प्रकारच्या रोगजंतूंना मारतं. आणि डाळिंबावरचा तेल्या रोग तर तिसराच प्रकार, तो झँथोमोनास नावाच्या जिवाणूचा, त्याला यातलं निव्वळ बुरशीनाशक लागूच पडत नाही.