'फ्रँकोफोबिया'ला मराठीत काय म्हणावे?

प्रश्न: एका लेखाचा अनुवाद करते आहे. त्यात 'फ्रँकोफोबिया' वारंवार येतो. 'फ्रान्सभय' बरोबर वाटत नाही. 'फ्रान्सविरोध' चालेल का?

उत्तर: 'फ्रान्सभय' नकोच. इथे भीती नाही, आकस आहे. मी 'फ्रेंचद्वेष' लिहीन. 'फ्रान्सविरोध' वेगळा ठेवा, कारण विरोध धोरणाला असतो आणि तो रास्तही असू शकतो. अल्जीरियातल्या फ्रेंच राजवटीवर कोणी कोरडे ओढले म्हणून तो फ्रेंचद्वेष्टा ठरत नाही.

2003 सालचे उदाहरण घ्या. फेब्रुवारीत फ्रान्सचे परराष्ट्रमंत्री दोमिनिक द व्हिलपँ यांनी सुरक्षा परिषदेत इराकवरच्या युद्धाला विरोध केला. अमेरिकी सरकारला ते रुचले नाही. इथवर हा दोन सरकारांचा वाद. पण मार्चमध्ये तिथल्या प्रतिनिधीगृहाच्या उपाहारगृहांत 'फ्रेंच फ्राइज'चे 'फ्रीडम फ्राइज' झाले, फ्रेंच वाइन गटारात ओतली गेली आणि फ्रेंच माणूस जात्याच भित्रा, असे विनोद सुटले. हा द्वेषच. पहिल्या महायुद्धात फ्रान्सचे तेरा-चौदा लाख सैनिक पडले. 1916 मध्ये व्हर्दँ हे तटबंदीचे शहर त्यांनी जर्मनांविरुद्ध सुमारे दहा महिने लढवले. 1940 मध्ये जर्मनीकडून झालेल्या पराभवावर बोट ठेवून अख्ख्या समाजाला पळपुटे म्हणतात, याची मला मनापासून चीड येते.

प्रतिसाद: असे टोमणे दोन्हीकडून चालत. न सांगता निघून जाण्याला इंग्रज 'फ्रेंच लीव्ह' म्हणतात, फ्रेंच त्यालाच 'इंग्रजी पद्धतीने सटकणे' म्हणतात. उपदंश (सिफिलिस) इंग्लंडात 'फ्रेंच रोग' होता, फ्रान्समध्ये 'नेपल्सचा रोग'. मग 'भावप्रकाश' या आयुर्वेदाच्या ग्रंथात उपदंशाला दिलेले नाव 'फिरंग रोग' याच माळेतला का?

उत्तर: नाही. 'फिरंग' फारसीतून आला आणि त्याच्या मुळाशी 'फ्रँक' आहे खरा, पण इथे येईतो त्याचा अर्थ सरसकट युरोपीय झाला होता. मराठी कागदांत तर फिरंगी म्हणजे बहुधा पोर्तुगीज. 'आज्ञापत्र' या मराठेशाहीतल्या राजनीतीवरच्या ग्रंथात टोपीकरांची, म्हणजे युरोपीयांची यादी आहे, तीत फिरंगी, इंग्रज, वलंदेज (डच), फरासीस अशी वेगवेगळी नावे येतात. फ्रेंच ते फरासीस. शिवाय तिथला सावधगिरीचा इशारा सगळ्याच टोपीकरांबद्दल आहे, आणि तो राज्यकारभाराचा आहे. एकट्या फ्रेंचांवर रोख नाही.

प्रश्नकर्ती: मग 'फ्रेंचद्वेष'च घेते. विशेषण?

उत्तर: माणसाला 'फ्रेंचद्वेष्टा', लेखनाला, विनोदाला 'फ्रेंचद्वेषी'. लेखात जिथे फक्त सरकारवर टीका असेल, तिथे मात्र मुळात 'फ्रँकोफोबिया' असला तरी मी 'फ्रान्सविरोध'च लिहीन आणि तळटीप देईन.