४८ व्होल्टचं ड्रिल? आधी बॅटरीचा डबा उघडून बघा

अमळनेरचा वेल्डर
काल यावलच्या भाऊंनी लिहिलं, "ड्रिल घेताना फक्त व्होल्ट बघा. मी ४८ व्होल्टचा सेट घेतला, दोन बॅटऱ्या, चोवीस बिटं, सगळं अडीच हजारात. १८ व्होल्टच्या मशीनला दहा हजार मोजणारे नावाला भुलतात." हे वाचून राहवलं नाही. माझ्या दुकानात असे सेट घेऊन लोक येतात आणि "दाबलं की बंद पडतं, बघा ना" म्हणतात.

लिथियमचा एक सेल ३.६ व्होल्टचा. पाच ओळीत जोडले की १८. पूर्ण चार्ज झाला की तोच सेल ४.२ वर जातो, पाचांचे २१. म्हणून कुणी १८ छापतो, कुणी २०, कुणी २१, माल एकच. खऱ्या ४८ ला तेरा सेल ओळीत लागतात. मागच्या महिन्यात असाच एक '४८' वाला पॅक मी स्क्रू काढून उघडला. आत पाचच सेल. मीटर लावला तर चार ३.९ दाखवतात आणि पाचवा २.१. तो एक बसला की बाकीच्या चौघांचा उपयोग शून्य.

आकडा बघायचाच तर आंपियर-अवरचा बघा, म्हणजे बॅटरीत चार्ज किती मावतो तो. १८ व्होल्ट २ आंपियर-अवर म्हणजे ३६ वॉट-अवर, ४ चा पॅक म्हणजे ७२. चारच्या पॅकमध्ये बहुतेक वेळा दहा सेल असतात, जोडीजोडीने. प्रत्येकावर भार निम्मा येतो, म्हणून लोखंडी चॅनेलला १० एमएमचं भोक पाडताना मशीन दम टाकत नाही.

यावलचा केळीवाला
दादा, हिशोब बरोबर असेल, पण तुमचं दुकान रोज चालतं. मला वर्षातून आठ दिवस ड्रिल लागतं. मे महिन्यात ड्रिपच्या सबमेनला, म्हणजे नळ्यांना पाणी देणाऱ्या पीव्हीसी पाइपाला, भोकं पाडायची, ग्रोमेट (रबरी बूच) बसवायचे, नळ्या जोडायच्या, झालं. शेतात लाईट कधी दिवसा, कधी रात्री. वायरचं ड्रिल घेऊन विहिरीपासून चारशे फूट वायर ओढू का? आठ दिवसांसाठी दहा हजार कोण घालवेल? माझ्या सेटने दोन वर्षं सहा एकर ड्रिप केलं आहे. डब्यात पाच सेल असोत की पन्नास, भोक पडलं की बस.

नंदुरबारची हार्डवेअरवाली
दोघंही मशीनवर भांडताय, बिटाचं कुणी बोलतच नाही. गिऱ्हाईक आठ हजारांचं मशीन नेतं आणि बिट मागतं "स्वस्तातलं द्या ताई". सोनेरी रंगाचं दिसलं की टायटॅनियम समजून खूश. तो नुसता वरचा मुलामा, एकदा धार लावली की टोकावरून गेला. स्टेनलेस स्टीलला कोबाल्टचं घ्या, एम-३५ म्हणजे ५ टक्के कोबाल्ट, ते आतपर्यंत असतं. मशीन हळू फिरवा आणि तेल सोडा. फुल स्पीडला दाबलं की स्टील कडक होतं, बिट निळं पडतं, मग शिव्या मला.

धुळ्याचा मिस्त्री
ताईंना शंभर टक्के. पण भिंतीचं विचारा. जुन्या धुळ्यात एका वाड्याच्या काळ्या दगडात मी १८ व्होल्टचं इम्पॅक्ट ड्रिल लावलं. दहा मिनिटांत दोन बिटांची टोकं गेली, भोक अर्धा इंच. मग वायरचं एसडीएस (खाचांच्या दांड्याचं बिट बसतं ते) रोटरी हॅमर आणलं. त्यात हवेच्या दाबाने पिस्टन ठोकतो, इम्पॅक्टसारखे दाते नुसते घासत नाहीत. दोन मिनिटांत काम. दगडाला कॉर्डलेस नेऊच नका.

अमळनेरचा वेल्डर
मिस्त्री, कॉर्डलेसमध्येही एसडीएस येतं. इम्पॅक्ट आणि रोटरी यांची गल्लत तुम्ही केली, दोष बॅटरीला का देता?

धुळ्याचा मिस्त्री
गल्लत नाही केली, जे हातात होतं ते लावलं. तीस वर्षं भिंती फोडतोय. शिकवू नका.

पारोळ्याचा वायरमन
यावलवाल्या भाऊंना एक विचारायचं आहे. सबमेनला भोक पाडल्यावर आतला कीस कुठे जातो?

यावलचा केळीवाला
पाण्याबरोबर वाहून जातो. कुठे जाणार?

पारोळ्याचा वायरमन
तिथेच तर मी बुडालो! आमच्या घरची मृगबाग, म्हणजे मृगात लावलेली केळी, पाच बाय पाच फुटांवर. सबमेनला साध्या लोखंडाच्या बिटाने भोकं पाडली, पांढरा कीस आत राहिला. जाळीचा फिल्टर मोटरीजवळ, कीस त्याच्या पुढे, मग तो कोण अडवणार? पंधरा दिवसांत शेवटच्या नळ्यांचे ड्रिपर बंद. झाडं पिवळी पडली तेव्हा आई म्हणाली, "पाणी पोहोचत नही शे." मी नळी कापून फुंकली तर आतून नखाएवढी पीव्हीसीची चकती निघाली.

वरून साधं बिट पातळ पाइपात अडकून झटका मारतं, भोक त्रिकोणी होतं, ग्रोमेट गळतो. जोर लागला तर समोरची भिंतही फोडतं. जास्त आत जाऊ न देणारा अडथळा असलेलं ड्रिपचं बिट वापरा आणि नळ्या जोडण्याआधी सबमेनच्या टोकाचा फ्लश (धुवायचा व्हॉल्व्ह) उघडून पाणी सोडा.

यावलचा केळीवाला
फ्लश मी करतो. माझी बाग बघायला या, मग बोला. एका झाडाला कमी पाणी नाही.

पारोळ्याचा वायरमन
वर लिहिलंत "झालं" म्हणून. फ्लशचं नावही नव्हतं. नवीन पोरं तेवढंच वाचून शेतात जातात.

यावलचा केळीवाला
बरं, लिहायला हवं होतं. ते मान्य. व्होल्टचं नाही.

अमळनेरचा वेल्डर
व्होल्टचंही मानावं लागेल भाऊ, पण आठ दिवसांच्या कामाला तुमचा सेट पुरतो, हे मीही मानतो. फक्त मे महिन्यात बॅटरी पत्र्याच्या खोलीत ठेवून चार्ज करू नका. लिथियम सेल ४५ अंशांच्या वर चार्ज करायचा नसतो आणि आपल्याकडे सावलीतच तेवढं होतं. चांगला चार्जर पॅक गरम असेल तर थांबतो, दिवा लुकलुकतो. तुमच्या सेटचा चार्जर थांबतो का?

यावलचा केळीवाला
लाल दिवा, हिरवा दिवा, एवढंच. एक बॅटरी यंदा फुगली आहे.

नंदुरबारची हार्डवेअरवाली
फुगलेली आजच घराबाहेर काढा, चार्जला लावू नका. पोरं खेळतात तिथे तर अजिबात नको.

यावलचा केळीवाला
गोठ्यात आहे, कडब्याजवळ. आत्ताच उचलतो.