मागच्या चाकातून गुरगुर येते, पण प्ले (चाकाचा ढिलेपणा) अजिबात नाही. बेरिंग आत्ताच बदलू की थांबू?

राम राम मंडळी. जाणकारांचा सल्ला हवाय.

मोटारसायकल १०० सीसी, २०१५ ची, दोन्हीकडे ड्रम ब्रेक. मीटरवर ७८ हजार झालेत. औसा तालुक्यातल्या आमच्या गावातून मी रोज पहाटे लातूरला दूध घालतो. मागे दोन बाजूंना ४० लिटरचा एकेक कॅन. म्हणजे माझं वजन सोडून ८० किलोच्या वर माल मागच्या चाकावर. जाताना भरलेले, येताना रिकामे.

गाडी ४० च्या पुढे गेली की मागून गुर्रर्र असा आवाज येतो, जात्यावर डाळ भरडल्यासारखा. पहाटे रस्त्याला चिटपाखरू नसतं म्हणून कळतो, लातुरात शिरलं की गर्दीत हरवून जातो. क्लच दाबून बघितला. इंजिन मंद झालं तरी आवाज चालूच, गाडीचा वेग उतरेल तसाच उतरतो. म्हणजे इंजिन नाही, एवढं माझं मलाच कळलं. चेन ताणून तेल घातलं, फरक नाही.

डबल स्टँडवर लावून चाक वर-खाली धरून हलवलं, मग आडवं धरून हलवलं. टकटक नाही, काही नाही.

गावातला मेकॅनिक म्हणतो, "चाक हलत नाही तवर बेरिंगला हात लावायचा नाही. कायबी हुत न्हाई, चालवा बिनघोर." लातूरचा म्हणतो, "बेरिंग वाजलालंय मालक, आजच बदला, न्हाईतर हब जातंय." हब म्हणजे चाकाचा मधला भाग, ज्यात बेरिंग बसतं. आता कुणाचं ऐकू?

आणि एक. गेल्या दिवाळीतच मागचे बेरिंग बदलले होते, तेही तिसऱ्याच गॅरेजात. वर्षसुद्धा झालं नाही. इतक्या लवकर परत जातात का? बेरिंगवरचं रबर काढून आत ग्रीस भरलं तर काही महिने निघतील का? गाडी एक दिवस उभी राहिली तर दूध दुसऱ्याच्या गाडीवर द्यावं लागतं, त्याचं भाडं वेगळं. म्हणून खोदून विचारतोय.

जुना पाना:

प्ले यायची वाट बघू नका. प्ले ही शेवटची पायरी असते. आधी पाणी-माती आत जाऊन ग्रीस मरतं. मग छर्रे (बेरिंगमधल्या गोळ्या) ज्या खाचेतून पळतात तिला बारीक खड्डे पडतात, तेव्हा गुरगुर सुरू होते. छर्रे झिजले, त्यांना धरून ठेवणारी जाळी तुटली की मग कुठे चाक हलायला लागतं. तुमच्या गावच्या मेकॅनिकने सांगितलेली वेळ म्हणजे जाळी तुटायची वेळ. ८० लिटर दूध मागे असताना ती तुटली तर चाक तिरकं होतं आणि चेन उतरते, पुढचं तुम्हीच समजा. लातूरवालाही उगाच भीती घालत नाहीये. बेरिंग आत जाम होऊन त्याची बाहेरची रिंग हबमध्ये फिरायला लागली, की हबमधलं बेरिंगचं घर, म्हणजे ते बसायची जागा, मोठं होतं. नंतर नवं बेरिंग हाताने आत पडतं, बसतच नाही. मग लेथवर बुश मारून घ्या नाहीतर हब बदला.

पण नुसत्या आवाजावरूनही बदलू नका. चाक काढा, एक्सल (चाकाचा मधला दांडा) बाहेर घ्या आणि बेरिंगच्या आतल्या रिंगमध्ये बोट घालून हळू फिरवा. रबर लावलेलं नवं बेरिंग थोडं जड फिरतं, पण सलग फिरतं. बोटाला वाळू लागल्यासारखी खरखर आली किंवा मध्येच अडकून पुढे सरकलं, तर ते गेलं. किंचित ढिलं वाटलं म्हणून घाबरू नका, सी३ लिहिलेल्या बेरिंगला नवेपणीही आत जरा जास्त मोकळीक असते.

आता मला तुम्हाला विचारायचंय. दिवाळीत किती बेरिंग बदलले, दोन की तीन? बऱ्याच गाड्यांना मागे तीन असतात. दोन हबमध्ये आणि एक स्प्रॉकेटच्या (चेन चढते त्या दातेरी चकतीच्या) ड्रममध्ये, जिथे चेनची सगळी ओढ येते. घाईत हे तिसरं राहून जातं. ठोकताना आतल्या रिंगवर छिन्नी मारली होती का, तेही आठवा. बेरिंग बसवताना मार फक्त बाहेरच्या रिंगवर बसायला हवा, त्याच मापाचा सॉकेट किंवा जुनंच बेरिंग वर ठेवून. आत मारलं की मार छर्ऱ्यांवर येतो, खाचेत वण पडतात आणि नवं बेरिंग बसवतानाच अर्धं मरतं. हबमधल्या दोन बेरिंगच्या मध्ये नळीसारखा स्पेसर असतो, तो आहे ना बघा. तो नसला तर एक्सल आवळला की दोन्ही बेरिंग आडवे दाबले जातात.

गोदाकाठ:

ग्रीसचा जुगाड मी केलेला आहे. ऐन उसाच्या सीझनात वेळ नव्हता म्हणून रबर उचकटलं, डिझेलने धुतलं, ग्रीस कोंबलं. तीन आठवडे गप्प बसलं, मग पहिल्यापेक्षा जास्त वाजायलं. खड्डे पडलेल्या खाचेला ग्रीस काय करणार? गाडी धुवायला वॉशिंग सेंटरला देत असाल तर पोराला सांगा, हबवर जवळून फवारा मारू नको म्हणावं. काळ्या रानातला चिखल निघतो खरा, पण पाणी रबराच्या आत घुसतं.

दूधवाला (धागाकर्ता):

दोघांचे आभार. छिन्नीचं विचारलंत आणि आठवलं. माझ्यासमोरच ठाक-ठाक मारत होता, कुठल्या रिंगवर ते मात्र मी बघितलं नाही. किती बदलले ते बिल बघून सांगतो.

जुना पाना:

नवे आणताना आधी जुन्यावरचा नंबर वाचा. ६३०१ असेल तर आतलं भोक १२ मिमी, बाहेरून ३७, जाडी १२. ०२ वर संपणाऱ्याचं भोक १५, ०३ वाल्याचं १७. चिखलात चालवता म्हणून दोन्ही बाजूंनी रबर असलेलं घ्या, नंबरापुढे २आरएस असतं. झेडझेडवाल्याला पत्र्याची चकती असते, ती धूळ अडवते, पाणी नाही. आणि तुम्ही दुधातले, डीप फ्रीझर कुठेतरी असेलच. नवे बेरिंग पिशवीत घट्ट गुंडाळून रात्रभर त्यात ठेवा. केसभर आकसतात, हबमध्ये कमी मारात बसतात.

दूधवाला (धागाकर्ता):

झालं काम. लिहायला चार दिवस उशीर झाला, माफी.

दिवाळीचं बिल दुधाच्या डायरीत सापडलं. "बेरिंग २ नग". तिसरं कुणी बघितलंच नव्हतं.

दूध घालून आल्यावर लातूरवाल्याकडेच चाक उघडलं. हबमधलं उजवं बोटाला गुळगुळीत, डाव्याला बारीक खरखर. स्प्रॉकेटच्या बाजूचं बघितलं तर रबर एका ठिकाणी फाटलेलं आणि आत ग्रीसऐवजी गंजाचा तांबडा चिखल. बोटाने फिरेना, पान्याची दांडी घालून फिरवलं तर कट-कट करत अडकत फिरलं. त्यावरचा नंबर गंजाने वाचता येईना, दुकानात व्हर्नियरने माप घेऊन दुसरं काढावं लागलं. हबवाले दोन्ही ६३०१ निघाले. डाव्याच्या आतल्या रिंगच्या कडेला छिन्नीचे दोन वण अगदी स्वच्छ दिसत होते. स्पेसर जागेवर होता. घरही शाबूत, नवे बेरिंग ठोकूनच बसले.

उजवं चांगलं होतं, पण बाहेर काढताना आतून आतल्याच रिंगवर मारावं लागतं, त्यामुळे ते परत घालू नका असं मेकॅनिकच म्हणाला. तिन्ही नवे टाकले. तिघांचे मिळून साडेचारशे आणि मजुरी वेगळी. स्प्रॉकेटच्या ड्रममधले धक्का झेलणारे रबरही चेपलेले होते, हात लागलाच होता म्हणून तेही बदलून घेतले. बेरिंग डेअरीच्या फ्रीझरमध्ये ठेवायला दिले तेव्हा तिथला पोरगा म्हणाला, "मामा, याची कुल्फी करलालाव का?"

दुसऱ्या दिवशी पहाटे भरलेले कॅन घेऊन ५० पर्यंत नेली. गुरगुर गेली.

लगे हात पुढचं चाकही काढलं. दोन्ही बेरिंग सलग फिरतात, रबर धड आहे. तसेच ठेवले. दिवाळीनंतर ब्रेकचे लायनर बदलायचेत, तेव्हा परत बोट घालून बघीन.